नगररचना-खेळातील सायकल-धोरण व वाहतूक : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
संगणकीय खेळ म्हणजे निव्वळ करमणूक, असा समज शैक्षणिक वर्तुळात अद्याप रूढ आहे. वस्तुतः नगररचनेवरील प्रत्येक खेळात शहर, वाहतूक व नागरिक यांविषयीची एक निश्चित धारणा अंतर्भूत असते. विल राईट यांनी १९८९ मध्ये साकारलेल्या ‘सिमसिटी’मागे जे फॉरेस्टर यांच्या ‘अर्बन डायनॅमिक्स’ (१९६९) या ग्रंथातील प्रतिमानाची प्रेरणा होती. म्हणून अशा खेळाची समीक्षा ही पर्यायाने त्यातील गृहीतकांची समीक्षा ठरते.

खेळातील सायकल :
फिनलंडच्या ‘कोलोसल ऑर्डर’ संस्थेचा ‘सिटीज : स्कायलाईन्स’ हा खेळ मार्च २०१५ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘आफ्टर डार्क’ या विस्तारात सायकल, सायकल-मार्गिका आणि सायकल वापरास प्रोत्साहन देणारे धोरण समाविष्ट झाले. धोरण लागू करताच अधिक नागरिक सायकल निवडतात, जवळच्या प्रवासातील मोटारी घटतात आणि चौकांवरील ताण हलका होतो. मार्गिका नसल्यास सायकलस्वार पदपथावरून जातात. म्हणजे केवळ धोरण पुरेसे नसून सलग मार्गांचे जाळे आवश्यक आहे, हे तत्त्व खेळ उत्तम रीतीने पटवून देतो. कारखान्यांची मालवाहतूक मात्र सायकलींमुळे कमी होत नाही, हेही त्यातून स्पष्ट होते. ही खेळाची जमेची बाजू होय.

मर्यादा :
तथापि खेळातील यशाचे प्रमुख माप वाहतुकीच्या प्रवाहाची टक्केवारी हे आहे. सायकलीचे मूल्य तिने रस्त्यावरून किती मोटारी हटविल्या यावर ठरते. दीर्घकाळ खोळंबलेली वाहने खेळात अदृश्य होतात. नागरिकाची सायकल गरजेच्या क्षणी आपोआप प्रकट होते. ती विकत घ्यावी लागत नाही, पंक्चर होत नाही, चोरीस जात नाही. खेळातील नागरिकास वय आहे. परंतु सायकल घेणे न परवडणारे कुटुंब किंवा अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचण्याची मुलीची निकड यांना तेथे स्थान नाही.

गोंदियाचा संदर्भ :
१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात हा प्रश्न उलट दिशेने उभा राहतो. भातगिरण्यांच्या या शहरात धान व तांदूळ वाहणारे ट्रक सायकलींना प्रोत्साहन दिल्याने कमी होणार नाहीत. येथवर खेळ व वास्तव जुळतात. परंतु सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यांतील गावांत सायकल मोटारीला पर्याय म्हणून येत नाही. ती पायपिटीला पर्याय असते. मानव विकास कार्यक्रमांतर्गत शाळेपासून दूर राहणाऱ्या गरजू विद्यार्थिनींना सायकलीसाठी अर्थसाहाय्य देण्यामागील भूमिका हीच आहे. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश यांनी केला. माध्यमिक शाळेतील मुलींच्या पटनोंदणीत सुमारे ३० टक्के वाढ झाल्याचे त्यात आढळले. या सायकलींनी एकही चौक मोकळा केला नसेल. खेळाच्या मोजपट्टीवर ही योजना निष्फळ ठरेल. शिक्षणाच्या मोजपट्टीवर ती मोलाची आहे.

येथे खेळाच्या बाजूने एक युक्तिवाद संभवतो. शहराचे प्रतिमान ग्रामीण शाळेच्या कसोटीवर तपासणे अन्यायाचे नाही काय? आक्षेप अंशतः ग्राह्य आहे. मात्र २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या वहनास प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. म्हणजेच खुद्द शहरासाठीही प्रवाहाची टक्केवारी अपुरी आहे.

निष्कर्ष :
भूगोल, अर्थशास्त्र व समाजशास्त्राच्या वर्गात सदर खेळ उपयुक्त साधन ठरू शकतो. मात्र विद्यार्थ्यांना ‘कोंडी किती कमी झाली?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोण कोठे पोहोचू शकले?’ हाही प्रश्न विचारावयास शिकविले पाहिजे. पहिल्याचे उत्तर खेळ देतो. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यासाठी विद्यार्थ्यांना पडद्यासमोरून उठून गावच्या रस्त्यावर जावे लागेल.