आरोग्यसेवेसाठी आरक्षित भूमी : एका मापदंडाचे परीक्षण

नगररचनेच्या विचारात रुग्णालयाची जागा ही बहुधा क्षेत्रफळाची बाब समजली जाते. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत १५ हजार लोकवस्तीमागे एक दवाखाना व अडीच लाखांमागे एक सर्वसाधारण रुग्णालय असे प्रमाण दिले आहे. असे प्रमाण आवश्यकच होय. परंतु प्रमाण पाळले गेले म्हणजे न्याय झाला, असे मात्र नव्हे. बृहन्मुंबईच्या उदाहरणावरून हा भेद स्पष्ट होतो.

२०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख, तर उपनगर जिल्ह्याची सुमारे ९३.५ लाख होती. उलटपक्षी परळचे के. ई. एम., नायर व शीव येथील लोकमान्य टिळक ही महापालिकेची जुनी अध्यापन-रुग्णालये, तसेच शासनाचे जे. जे. रुग्णालय, ही सर्व शहर जिल्ह्यातच आहेत. यास इतिहास कारण आहे. उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली ती १९५० व १९५७ मध्ये. तथापि इतिहासाने निर्माण केलेली विषमता दूर करणे हेच नियोजनाचे प्रयोजन होय. संपूर्ण महानगराची सरासरी काढली की ही विषमता दृष्टीआड होते; मानखुर्दच्या मजुराचा प्रवास आणि त्यापायी बुडालेली मजुरी त्या सरासरीत कोठेच येत नाही.

दुसरा दोष आरक्षणाच्या स्वरूपातच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे, आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित न झाल्यास मालकाला सूचना देता येते, आणि पुढील विहित मुदतीत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण व्यपगत होते. मालकाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे अन्याय्य असल्याने ही तरतूद चुकीची म्हणता येत नाही. परंतु संपादनासाठी निधीची तरतूद नसेल, तर नकाशावरील रुग्णालय हे केवळ आश्वासन ठरते.

निधीची ही अडचण टाळण्यासाठी मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क व समावेशक आरक्षण हे मार्ग स्वीकारले. समावेशक आरक्षणात मालक ठरलेली सुविधा बांधून महापालिकेच्या स्वाधीन करतो व उरलेली विकासक्षमता स्वतः वापरतो. सार्वजनिक तिजोरीवर भार न पडता सुविधा मिळते, हे समर्थकांचे म्हणणे खरे आहे. मात्र येथे सुविधेचा क्रम गरजेने ठरत नाही, लाभाने ठरतो. ज्या भागात बांधकामाला भाव आहे तेथे मालक पुढे येतो. दाट झोपडवस्तीत, जेथे दवाखान्याची निकड सर्वाधिक, तेथे तो सहसा येत नाही. ज्यूलियन ट्यूडर हार्ट या ब्रिटिश वैद्याने १९७१ मध्ये असे प्रतिपादिले होते, की चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता तिच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात आढळते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी अधिक, तितका हा नियम तीव्र. जमिनीच्या बाबतीतही त्याचाच प्रत्यय येतो.

सारांश, आराखड्याचे मूल्यमापन आरक्षित क्षेत्रफळावरून न करता तीन प्रश्नांवरून केले पाहिजे : किती जमीन प्रत्यक्ष ताब्यात आली, ती कोणत्या वस्तीत आली, आणि पायी किंवा सार्वजनिक वाहनाने तेथे पोहोचण्यास किती वेळ लागतो. संपादनाचा निधी मर्यादित असणारच. म्हणूनच तो प्रथम अशा ठिकाणी खर्ची पडावा, जेथे खाजगी लाभाची प्रेरणा कधीच पोहोचणार नाही. या कसोटीवाचून केलेला आराखडा प्रमाणास धरून असेल, पण समन्यायी असणार नाही.