शून्यवाली गावं कुठे गेली? जँगो ओआरएम आणि आउटर जॉइन

एसक्यूएल न लिहिता पायथनमध्येच क्वेरी होते, म्हणून पुष्कळ विद्यार्थी सर्वेक्षणाचा डेटा जँगोच्या ओआरएममधून काढतात. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण जिथे ‘काहीच घडलं नाही’ हेसुद्धा एक निरीक्षण असतं, तिथे ही सोय महागात पडते. माझा आक्षेप नेमका तिथे आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तुमच्या अभ्यासात १२० गावं आहेत. २०२३ मध्ये त्यांपैकी ७८ गावांत मिळून ३१२ आरोग्य शिबिरं झाली. प्रश्न साधा: दर गावामागे सरासरी किती शिबिरं? उत्तर ३१२ भागिले १२०, म्हणजे २.६.

आता ओआरएममध्ये पहिल्यांदा सुचते ती क्वेरी बघा. गाव या मॉडेलवर फिल्टर लावायचा, शिबिराचं वर्ष २०२३. मग अ‍ॅनोटेटमध्ये शिबिरांचा काउंट. वाचायला अगदी मराठी वाक्यासारखी सरळ. पण तिच्यातून ७८ च गावं बाहेर येतात आणि सरासरी होते ४. एरर नाही, वॉर्निंग नाही. ४२ गावं गेली ती गेलीच. ‘शिबिरं कुठे पोचत नाहीत’ हाच तुमचा संशोधनाचा प्रश्न असेल, तर उत्तर ज्या गावांत होतं तीच गावं हरवली.

असं का होतं? लेफ्ट आउटर जॉइनमध्ये जोडीदार न मिळालेल्या गावाचीही एक ओळ राहते, फक्त शिबिराच्या रकान्यांत नल येतं. मात्र ‘वर्ष २०२३’ ही अट व्हेअरमध्ये असली की नलची ओळ ती अट पार करू शकत नाही. त्यामुळे फिल्टर दिसला की जँगो सरळ इनर जॉइन लावतो.

इथे जँगोवर अन्याय नको. नल नाकारणारी अट असेल तर आउटर जॉइन सोपा करून इनर करता येतो, हे डेटाबेसच्या संशोधनात पक्कं बसलेलं आहे. गॅलिंडो-लेगारिया आणि रोझेन्थाल यांचा १९९७ चा पेपर याच विषयावरचा आहे. म्हणजे तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर बरोबरच आलं. तक्रार अशी की एसक्यूएलमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत, ऑन आणि व्हेअर. ‘कोणती शिबिरं जोडायची’ हे ऑनमध्ये आणि ‘कोणती गावं ठेवायची’ हे व्हेअरमध्ये. फिल्टर या एकाच शब्दाने दोन्ही प्रश्न एका पोत्यात भरले. जॉइन कुठला लागला हे तर क्वेरीत दिसतही नाही.

यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय अर्धवट आहे: ‘वर्ष २०२३ किंवा शिबिर नल’ अशी अट घाला. याने जॉइन लेफ्ट राहतो, एवढं खरं. पण ४२ पैकी १२ गावांत फक्त २०२२ साली शिबिर झालं असेल तर? त्यांच्याकडे शिबिर आहे, म्हणून नल नाही. आणि वर्ष २०२३ नाही. ती बारा गावं दोन्ही अटींच्या मधल्या फटीत पडतात. उत्तरात येतात १०८ गावं. ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण यादीत काही शून्यं दिसतात आणि आपण निर्धास्त होतो.

नीट मार्ग असा: अट काउंटच्या आत, त्याच्या फिल्टर या आर्ग्युमेंटमध्ये द्यायची, किंवा फिल्टर्ड-रिलेशन वापरून ती ऑनमध्ये न्यायची. दोन्ही सोयी २.० आवृत्तीत, २०१७ च्या शेवटी आल्या. अ‍ॅनोटेट मात्र २००९ पासून होतं. मधल्या काळात केस-व्हेनचा वळसा घ्यावा लागे, तोही १.८ नंतरच. चुकीची वाट रुंद आणि योग्य वाट आडबाजूला, हा मला रचनेतला दोष वाटतो.

एसक्यूएलअल्केमी या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. तिथे आउटरजॉइन हा शब्द तुम्हालाच लिहावा लागतो, आणि अट ऑनमध्ये द्यायची जागाही तिथेच असते. तरी पुढे व्हेअरमध्ये शिबिराची अट टाकलीत तर तीच ४२ गावं तशीच जातात. शब्द दिसला म्हणजे काम झालं असं नाही.

अजून एक खड्डा. जॉइन टिकला, १२० गावं आली, पण आता काउंटऐवजी रुग्णांची बेरीज हवी आहे. काउंट शून्य देतो. सम मात्र नल देतो. समजा एकूण रुग्ण १५,६००. पुढे सरासरी काढताना एसक्यूएल नल वगळतं, पांडाजही रिकाम्या जागा वगळतं. उत्तर १३० ऐवजी २००. छेद पुन्हा ७८ वर आला! जँगो ४.० पासून समला डिफॉल्ट देता येतो. तिथे शून्य लिहा. पण आधी विचार करा: त्या गावात खरंच शून्य रुग्ण होते, की नोंदच झाली नाही? हे कुठलंही ओआरएम सांगणार नाही. ते तुमच्या फील्ड डायरीत असतं.

म्हणून तीन सवयी लावून घ्या. क्वेरी चालवण्याआधी छेद कागदावर लिहा: किती ओळी यायला हव्यात? तयार झालेलं एसक्यूएल छापून जॉइनचा शब्द आणि अटीची जागा डोळ्यांनी तपासा. आणि प्रबंधात प्रत्येक सरासरीशेजारी ती किती गावांवरची आहे हे द्या. परीक्षक ओआरएमबद्दल विचारणार नाहीत कदाचित. पण १२० ची ७८ कशी झाली हे विचारलं, तर उत्तर तुमच्याकडेच असायला हवं.