खाणकामगाराची किरणमात्रा : मोजलेली आणि मानलेली

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. या बेसाल्टात युरेनियमचे प्रमाण सामान्यतः दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असल्याने येथे युरेनियमच्या खाणी नाहीत. तथापि ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम तीरावर, ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. आणि झारखंडातील जादुगुडा खाणीतील किरणोत्सर्गाचे मापन करणारे पथक याच केंद्राचे. आपल्या विद्यार्थ्यांस हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. ‘या कामगारास इतके मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाली’ असे लिहिले जाते, तेव्हा त्यात मोजलेले किती आणि मानलेले किती, एवढाच येथे विचार करावयाचा आहे.

छातीवरील बिल्ला बाहेरून येणारे गॅमा किरण मोजतो. फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र श्वासावाटे येतो. रेडॉन वायूपासून उपजणारी पोलोनियमची अल्पायुषी रूपे धुळीस चिकटून श्वासनलिकांत बसतात. त्यांचे अल्फाकण बिल्ल्यापर्यंत पोहोचत नाहीत. यास्तव हवाच मोजावी लागते. एक लिटर हवेतील या द्रव्यांपासून १.३ लाख एमईव्ही इतकी अल्फा-ऊर्जा मुक्त होणार असेल, तर ती एक ‘वर्किंग लेव्हल’. अशा हवेत १७० तास काम केल्यास एक ‘वर्किंग लेव्हल मंथ’ भरतो.

पहिले गृहीत येथेच शिरते. नमुना जागेचा असतो, हिशेब मात्र माणसाचा. वायुवीजन मंदावले की हवा बदलते. कामगारही एका जागी बसून राहत नाही. सरासरीस हजेरीपटावरील तासांनी गुणून आलेला आकडा त्याच्या नावावर चढतो. याचे परिणाम केवळ तात्त्विक नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडो पठारावर १९५० साली अभ्यास सुरू झाला, तेव्हा पूर्वीच्या अनेक खाणींचे मापनच नव्हते. इतर खाणींवरून अंदाज बांधावे लागले. तरीही १९९० च्या भरपाई कायद्याने धूम्रपान न करणाऱ्या कर्करोगग्रस्त खाणकामगारास किमान २०० वर्किंग लेव्हल मंथांची अट घातली. २००० साली ती ४० वर आली. ज्याच्या नावे १५० लागले होते, तो मधली दहा वर्षे अपात्र होता.

दुसरे गृहीत गुणकाचे. आंतरराष्ट्रीय किरणसंरक्षण आयोगाने १९९३ साली कामगारांसाठी एका वर्किंग लेव्हल मंथास सुमारे ५ मिलिसिव्हर्ट धरले. २०१७ साली सुमारे १०. दरवर्षी २.५ वर्किंग लेव्हल मंथ घेणाऱ्याची मात्रा पहिल्या हिशेबाने १२.५, दुसऱ्याने २५ होते. पाच वर्षांच्या सरासरीची मर्यादा आहे २०. हवा तीच, माणूस तोच. कागदावर मात्र तो मर्यादेच्या आतून बाहेर गेला.

यात आयोगास दोष देता येत नाही. नवे ज्ञान आल्यावर गुणक बदलणे हेच शास्त्राचे कर्तव्य होय. दोष आहे तो केवळ मिलिसिव्हर्ट छापून मूळ मापन गाळणाऱ्या लेखनाचा. अशा लेखांतील दोन काळांचे आकडे शेजारी मांडले, तर खाण सुधारली की बिघडली हेही कळत नाही. शिरस्त्राणावर बसवलेल्या प्लॅस्टिक-पटलावर अल्फाकणांच्या खुणा मोजण्याची पद्धत पहिले गृहीत पुष्कळ अंशी दूर करते. दुसऱ्यास ती हात लावीत नाही.

म्हणून या विषयावरील प्रबंधात तीन गोष्टी स्वतंत्रपणे द्याव्यात : हवेचे मापन व त्याची रीत, कामाचे तास कशावरून घेतले, आणि गुणक कोणत्या वर्षाचा. उद्या गुणक पुन्हा बदलला, तर या तीन नोंदींवरूनच त्या कामगाराचा हिशेब नव्याने करता येईल. केवळ अंतिम आकड्यावरून येणार नाही.