टोकाकडे निमुळती

मोंतेक्रिस्तो नंबर दोन हातात घेतली की नजर आधी जाते ती तिच्या डोक्याकडे. लांबी 156 मिलिमीटर, पायाशी जाडी 20 मिलिमीटरच्या थोडी वर, आणि ओठांकडच्या बाजूला शंकूसारखं निमुळतं टोक. क्यूबात या आकाराला पिरामिदे म्हणतात. सिगारच्या चवीबद्दल लिहिणारे बहुतेक जण जमिनीपासून सुरुवात करतात: पिनार देल रिओ प्रांत, व्वेल्ता आबाहोची तांबूस माती, तिथली हवा. माती मोठी खरीच. पण त्याच मातीत पिकलेल्या पानांच्या इतर सिगारी अशा लागत नाहीत. हिची निम्मी चव तरी हाताने केलेल्या बांधणीत आहे, असं माझं मत आहे.

पेटवण्याआधी पायाकडची बाजू डोळ्यांसमोर धरून पाहावी. आडव्या कापलेल्या अळूवडीसारख्या घड्याच घड्या दिसतात, पण रंग एकसारखा नसतो. आत निदान तीन तऱ्हांची पानं असतात आणि ती झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरून खुडलेली असतात. तळाकडचं वोलादो चवीला फिकं, पण झटकन पेट घेणारं. मधलं सेको वासाला गोड. शेंड्याकडचं लिहेरो भरपूर ऊन खाल्लेलं, जाड, तेलकट, तिखट आणि जळायला आळशी. वळणारा कारागीर हे आळशी पान नेमकं मध्यभागी ठेवतो. ते कडेला सरकलं तर ती बाजू मागे राहते आणि सिगार तिरकी जळू लागते. प्रत्येक पान दुमडताना त्यात पायापासून डोक्यापर्यंत हवेला वाट ठेवावी लागते. मूठ जरा जास्त आवळली की गाल आत जाईपर्यंत ओढलं तरी धूर येत नाही. ती सैल राहिली की सिगार भराभर जळते, धूर तापतो आणि जीभ पोळते. किती दाब द्यायचा ते बोटांनाच कळतं. पिरामिदेत तर टोकाकडे जागा कमी होत जाते, म्हणून पानं तिथे हळूहळू कमी करत न्यावी लागतात. नाहीतर टोकाशी बूच बसतं. हा आकार मुरलेल्या हातांकडेच का देतात, ते यावरून कळावं.

या गाभ्यावर बांधणीचं पान गुंडाळतात, मग साच्यात दाबून ठेवतात आणि शेवटी चढतं ते वरचं पान, कापा. यासाठीची झाडं मलमलीसारख्या विरळ कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे पान पातळ आणि लवचीक राहतं. मधली शीर काढल्यावर पानाचे दोन अर्ध होतात. डावा अर्ध एका दिशेने गुंडाळायचा, उजवा उलट्या दिशेने, म्हणजे शिरा आतल्या अंगाला आणि सिगारच्या लांबीला धरून पडतात. चावेता नावाच्या बिनमुठीच्या, बाकदार पात्याने पान कापायचं, किंचित ताणत वर न्यायचं आणि टोकाशी वनस्पतीच्या डिंकाच्या थेंबाने चिकटवायचं. आपल्याकडे सोलापूर-सिन्नरच्या बायका बिडी वळतात तीही बोटांचीच करामत, पण तिथे वरचं पान टेंभुर्णीचं असतं. इथे गाभ्यापासून सालीपर्यंत सगळी तंबाखूच, त्यामुळे वरचं पान नुसतं वेष्टन राहत नाही. ओठांना पहिली चव त्याचीच लागते.

मोंतेक्रिस्तो हे नाव 1935चं. हवानाच्या कारखान्यांत वळणाऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा 1865पासून आहे. आलेक्सांद्र द्युमाची मोंतेक्रिस्तोच्या काउंटवरची कादंबरी कामगारांना इतकी आवडायची की तिचंच नाव दिलं, असं सांगतात. सिगारभोवतीच्या जुन्या पट्टीवर मात्र कादंबरीचा तोरा नव्हता. साध्या तपकिरी रंगावर पांढरी अक्षरं असायची, बस. सोनेरी नक्षीने मढवलेल्या पट्ट्यांपेक्षा मला ती बरी वाटायची.

आता टोक कापायचं. इथे लोक चूक करतात ती सढळ हाताने कापण्याची. अर्धा शंकू उडवला की ही एक साधी जाड सिगार होते आणि कारागिराची मेहनत कचऱ्यात जाते. तोंड बारीक ठेवलं तर सगळा धूर निमुळता होत जिभेच्या एकाच जागी येतो. धूर छातीत घ्यायचा नसतो, तोंडात खेळवून सोडायचा. (म्हणून ही गोष्ट निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या कर्करोगाला झुरक्याच्या शिष्टाचाराशी देणंघेणं नाही.) पहिले काही झुरके कोरडे, रंधा मारलेल्या लाकडासारखे. मग बिनसाखरेच्या कॉफीचा कडवटपणा, त्यामागून कोकोची पूड. चामडं, माती, जायफळ, सुकी अंजिरं अशी लांबलचक यादी करणाऱ्यांची मला गंमत वाटते. मला एवढ्या गोष्टी एका वेळी कधीच सापडत नाहीत. जे खात्रीने जाणवतं ते असं, की साधारण अर्ध्यावर कडवटपणा मागे पडतो आणि सायीसारखा स्निग्ध गोडवा वर येतो. लिहेरोचा तिखटपणा तेव्हाही असतो, पण तो जिभेवर नाही, नाकाच्या मुळाशी. हा मधला पट्टा या सिगारचा खरा ऐवज. तोवर राख पायाशी करड्या रंगाची, घट्ट, बोटाच्या दोन पेरांएवढी टिकून असते. ती गळत नाही, कारण आत चुरा नाही, अख्खी लांब पानं आहेत.

घाई केली तर मात्र यातलं काही हाती लागत नाही. मिनिटाला एक झुरका पुरे. त्याहून जास्त ओढलं की विस्तव तापतो आणि सगळं करपट लागतं. पानं ढिगात नीट आंबलेली नसली तर नाकात अमोनियाचा दर्प शिरतो. अशी सिगार पेटीत परत ठेवून मुरू द्यावी. आणि हाताचं काम म्हटल्यावर एकाच पेटीतली एक झकास, दुसरी चोंदलेली, हेही चालायचंच. या किमतीला ते चालू नये, असं मला वाटतं.

शेवटच्या तिसऱ्या भागाबद्दल जाणकारांशी माझं पटत नाही. ते त्याला जोरदार म्हणतात. पण जळलेल्या भागातला ओलावा आणि डांबर न जळलेल्या पानांत साचत जातं, त्यामुळे तिथे पानांच्या चवीपेक्षा साचलेलं डांबरच जास्त लागतं. निमुळत्या टोकामुळे तर ते आणखी एकवटून जिभेवर येतं. म्हणजे जो आकार मधल्या पट्ट्यात सुख देतो तोच इथे अंगावर येतो. मी पट्टीच्या अलीकडेच थांबतो. उरलेल्या दोन इंचांचे पैसे ज्यांना वसूल करायचे असतील त्यांनी खुशाल करावेत.