खापरांचा पत्ता
पाँडिचेरीजवळ अरिकमेडू येथे १९४५ साली व्हीलर यांना ठिपक्यांच्या वर्तुळाकार नक्षीच्या थाळ्यांची खापरे सापडली. नक्षीवरून त्यांचे नाते भूमध्य समुद्राशी जोडले गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. विश्वास गोगटे यांनी १९९७ मध्ये क्ष-किरण विवर्तनाने खापरांतील खनिजे तपासली आणि बंगालमधील चंद्रकेतुगढ-तामलुक परिसराकडे बोट दाखवले. नक्षीऐवजी मातीलाच विचारले, हे उत्तम झाले. पण गंगेचा गाळ दूरवर पसरलेला. खनिजे जुळली म्हणून गावही सापडले, हे आम्हांला पटत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूलद्रव्यांच्या विश्लेषणातही या थाळ्यांच्या मातीचे भूशास्त्रीय मूळ एकच दिसले. मात्र एक मूळ म्हणजे एकच भट्टी नव्हे. शिवाय जेथील माती ताडून पाहिलीच नाही, ते ठिकाण वगळायचे कसे?