करवती कांठ आणि परंपरेचा पुरावा

वारशाच्या नांवानें विकल्या जाणाऱ्या शोभेच्या वस्तूंकडे इतिहाससंशोधकांनीं लक्ष कशास द्यावें, असा प्रश्न कोणी विचारील. गळ्याभोंवतीं गुंडाळावयाच्या स्कार्फाशीं अगर कानांतील डुलांशीं आमच्या शास्त्राचा संबंध नाहीं, असें वरवर पाहतां वाटतें. परंतु ज्या क्षणीं एखाद्या वस्त्रास ‘परंपरागत’ हें विशेषण लावून त्याचें मोल वाढविण्यांत येतें, त्या क्षणीं तें विशेषण ऐतिहासिक विधान होतें. आणि विधान आलें कीं पुरावा मागण्याचा अधिकार आलाच. नागपूर व त्याच्या आसमंतांतील करवती कांठाचें वस्त्र घेऊन आम्ही हा अधिकार येथें बजावीत आहों.

करवती लुगड्याचें अंग कोशाच्या रेशमाचें व कांठ सुताचा असतो. कोसा पूर्व विदर्भांतील ऐन व अर्जुन या वृक्षांवर होतो. तो वाढविण्याचें काम बहुतांशीं ढीवर लोक करितात, आणि विणकाम भंडारा जिल्ह्यांत मोहाडी, आंधळगांव, पवनी व चांदा जिल्ह्यांत नागभीड या बाजूस चालतें. विणतांना तीन धोटे लागतात: दोन कांठांचे दोन व अंगाचा एक. अंगाचें बाणें व कांठाचें बाणें जेथें भेटतें तेथें तीं एकमेकांत अडकविलीं जातात. ती भेटीची जागा क्रमाक्रमानें आंत-बाहेर सरकविली म्हणजे करवतीसारखे दाते उमटतात. कांठाचा ताणा व बाणा दोन्ही एकाच रंगाचे असल्यामुळें त्या रंगांत अंगाच्या रंगाची भेसळ होत नाहीं. सारांश, करवत ही वस्त्रावर काढलेली नक्षी नव्हे. ती वस्त्राच्या बांधणींतच आहे.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे दोन प्रचलित समजुतींचा निकाल लागतो. पहिली समजूत अशी कीं, हा कांठ रामटेकच्या मंदिरावरून सुचला. रामटेकविषयीं आमचा आदर कोणाहून कमी नाहीं. परंतु केवळ आकृतीच्या साम्यावरून उगम सिद्ध होत नाहीं. ओरिसांतील विणकर तशाच दातेरी कांठास ‘कुंभ’ म्हणतात, आणि कांचीपुरच्या कोर्वई लुगड्यांतही हे दाते दिसतात. त्या सर्वांनीं रामटेक पाहिलें होतें काय? दोन रंगांचें बाणें पायरीपायरीनें अडकविलें कीं दाते सहज उत्पन्न होतात. मग ज्यानें त्यानें आपल्या परिचयाच्या वस्तूचें नांव त्यांस दिलें. आमच्या विणकरानें सुताराच्या हत्याराचें नांव दिलें, शिखराचें नव्हे. त्याची साक्ष डावलून अधिक भव्य कथा रचण्याचें प्रयोजन आम्हांस दिसत नाहीं.

दुसरी समजूत अशी कीं, दातेरी आकृति छापलेला स्कार्फ हाही ‘करवतीच’. तो सुंदर असेल, स्वस्तही असेल. तो विकण्यास आमची हरकत नाहीं. परंतु त्यास करवती म्हणणें म्हणजे शिलालेखाच्या छायाचित्रास शिलालेख म्हणणें होय. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ सालीं झाला व २००३ पासून अंमलांत आला. त्याखालीं करवती वस्त्रांची नोंदही झाली आहे. मात्र त्या नोंदीनें वस्त्राच्या नांवाचें रक्षण होतें. कोणत्या हातानें तें विणलें हें त्यावरून कळत नाहीं.

खरी उणीव येथेंच आहे, आणि ती जुनी आहे. १८६६ सालीं फोर्ब्स वॉटसन यानें हिंदी कापडाचे ७०० नमुने १८ खंडांत लाविले. त्यांत लांबीरुंदी, वजन, किंमत व ठिकाण यांची नोंद आहे. विणकराच्या नांवास रकाना नाहीं. रसेल व रायबहादुर हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथांत कोष्टी जातीचें प्रकरण आहे. तेथें जात आहे, व्यक्ति नाहीं. कापड राहिलें, कारागीर गेला.

नांवाचें महत्त्व किती, हें नागपूरकरांस दागिन्यांच्या व शस्त्रांच्या इतिहासावरून कळावें. १८५४ सालीं भोसल्यांचें राज्य खालसा झालें, आणि पुढें त्यांच्या जवाहिराचा कलकत्त्यास हॅमिल्टन कंपनीमार्फत लिलांव झाला. त्यांतील एखादा हार आज समोर आला तरी, त्यावर कांहीं खूण नसल्यास, तो नागपूरचा असें कोणत्या आधारानें सांगावें? उलट एप्रिल २०२५ मध्यें लंडनच्या लिलांवांत एक तलवार आली. तिच्या पात्यावर देवनागरींत रघोजी भोसले, सेनासाहेबसुभा, असें नांव सोन्यानें घातलेलें होतें. तेवढ्यावरून ती ओळखली गेली, महाराष्ट्र सरकारनें ती ४७.१५ लक्ष रुपयांस घेतली, आणि त्याच वर्षीं ऑगस्टांत ती मुंबईस आली. अक्षरें होतीं म्हणून ती परत आली.

तलवारीवर धन्याचें नांव असतें, विणकराचें कोठें असणार, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर आर्मेनियन लोकांच्या कारागिरींत आहे. त्यांच्या लिपीची निर्मिति मेस्रोप माश्तोत्स यानें इ. स. ४०५ च्या सुमारास केली. त्या लिपीच्या कलेस २०१९ सालीं युनेस्कोच्या वारसासूचींत स्थान मिळालें, आणि आज तेथील चांदीचे दागिने व स्कार्फ यांवरही तींच अक्षरें मिरवतात. परंतु आमच्या दृष्टीनें अधिक मोलाची वस्तु म्हणजे सुमारें इ. स. १७०० चा एक गालिचा. तो विणणारी गोहर नांवाची स्त्री. तिनें आपलें नांव व काळ गालिच्यांतच विणून ठेविला. असे गालिचे सर्वत्र आढळतात असें नव्हे. पण विणणारीनें मनांत आणलें तर धागाही लेखाचें काम करूं शकतो, एवढें यावरून निश्चित होतें.

म्हणून आमची सूचना साधी आहे. करवतीच्या प्रत्येक वस्त्राबरोबर विणकराचें नांव, गांव, साल व तीन धोट्यांचें काम आहे कीं नाहीं, एवढें लिहिलेलें असावें. आणि संग्रहालयांनीं व संशोधन मंडळांनीं असे नमुने आजच जतन करावे. जुन्या कारागिरांचीं नांवें आपण गमावलीं, त्यास आतां उपाय नाहीं. मात्र आज मागावर बसलेल्या माणसाचें नांव विचारण्यास कोणत्याही दप्तराची वाट पाहावी लागत नाहीं.