पेशवेकालीन स्त्रीपत्रे : निरोप, जिन्नस आणि वाचनाची दृष्टी

मराठी पत्रवाङ्मयाचे जे संशोधन आजवर झाले, त्यामागील मुख्य प्रेरणा इतिहासाची होती. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. आणि १९३० ते १९३४ या अवधीत गो. स. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड बाहेर पडले. या प्रचंड उद्योगाचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. या कागदांत एखादी स्त्री जेव्हा मुलाच्या दुखण्याविषयी, बारशाविषयी, पाठवावयाच्या लुगड्याविषयी किंवा औषधाविषयी लिहिते, तेव्हा त्या मजकुराचे वाचन कोणत्या दृष्टीने झाले? राजकारणाचा धागा सापडेपर्यंत ओलांडून जाण्याची पडीक जमीन म्हणून, की स्वतंत्र अर्थ असलेला भाषाव्यवहार म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर संपादनाच्या रचनेतच दिसते. पेशव्यांच्या गृहजीवनाविषयीचे कागद ‘खासगी’ या सदराखाली वेगळे काढले गेले. वर्गीकरण सोयीचे होते, परंतु त्यात एक मूल्यनिर्णय गृहीत होता. मोहिमेचे पत्र इतिहासाचे, आणि घरचे पत्र त्या इतिहासाच्या नायकांचा स्वभाव कळावा म्हणून वाचावयाचे, असा तो निर्णय होय. गोपिकाबाईंचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नानासाहेब पेशव्यांची पत्नी, माधवराव व नारायणराव यांची माता आणि सवाई माधवरावाची आजी असलेल्या या स्त्रीने उत्तर आयुष्य नाशिकजवळ गंगापूर येथे काढले. १७८८ मध्ये तिचा अंत झाला. नातवाला तिने लिहून पाठविलेला दिनचर्येचा उपदेश अभ्यासकांना सुपरिचित आहे; कारण तो राज्यकर्त्याला उद्देशून आहे. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर यांचा पत्रव्यवहार हे दुसरे उदाहरण. १७४५ मध्ये निवर्तलेल्या या स्वामींशी पेशव्यांच्या घरातील राधाबाई, शाहू छत्रपतींच्या वाड्यातील विरूबाई, आंग्र्यांच्या घरातील लक्ष्मीबाई अशा स्त्रियांचा पत्रसंबंध होता. तो व्यवहार द. ब. पारसनीस यांनी प्रकाशात आणला. तथापि पारसनीस व राजवाडे यांच्यामधील मतभेदाचा विषय झाला तो स्वामींचे राजकीय माहात्म्य हा. स्त्रिया काय लिहितात आणि कशा लिहितात, हा त्या वादाचा विषय नव्हता.

ही दृष्टी केवळ मराठी संशोधकांचीच होती असे नाही. सरदेसाई यांचे खंड निघत असतानाच, १९३२ मध्ये, इंग्लंडात आर. डब्ल्यू. चॅपमन यांनी जेन ऑस्टिन या कादंबरीकर्त्रीची पत्रे संपादून प्रसिद्ध केली. इंग्लंडातील जॉर्ज राजांचा काळ आणि पुण्यातील पेशवाई हे जवळजवळ समकालीन होत. ऑस्टिनची उपलब्ध पत्रे सुमारे १६० असून त्यांतील आद्य पत्र १७९६ मधील आहे. बहुतेक पत्रे कॅसँड्रा या बहिणीस, तर काही मार्था लॉइड या मैत्रिणीस लिहिलेली आहेत. टोप्या, मलमल, नातलगांची आजारपणे, बाळंतपणे, शेजारणीसाठी करावयाची खरेदी हाच त्यांचा मुख्य मजकूर. ई. एम्. फॉर्स्टर यांच्यासारख्या मर्मज्ञ कादंबरीकारालाही परीक्षण लिहिताना या पत्रांतील क्षुल्लकपणा खटकला. कॅसँड्राने पुष्कळ पत्रे स्वतः जाळून टाकली होती, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे जे उरले ते निवडलेले, आणि जे निवडलेले तेही क्षुल्लक ठरलेले. पुढील समीक्षेने मात्र ही दृष्टी बदलली. खरेदीच्या याद्यांतून दोन स्त्रियांचा परस्परविश्वास, काटकसर आणि विनोद वाचता येतो, हे तिने दाखवून दिले.

मराठी स्त्रीपत्रांना हीच पद्धती जशीच्या तशी लावता येईल काय? येथे सावधगिरी हवी. ऑस्टिन स्वहस्ते लिहीत होती. तिचे पत्र टपालाने जाई. त्याचे मोल अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे आणि ते बहुधा पत्र घेणाऱ्यास द्यावे लागे. म्हणून एका कागदात शक्य तेवढे दाटून लिहिणे ही त्या पत्राची प्रकृती बनली. पेशवाईतील पत्राची प्रकृती निराळी आहे. ते पुष्कळदा कारकुनाच्या हातचे, मोडी लिपीतले असते. आणि ते जासुदाबरोबर किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या विश्वासू माणसाबरोबर जाते. नेणारा मनुष्य हा केवळ वाहक नसून पत्राचा उत्तरार्ध असतो. अमुक मजकूर अमका ‘मुखजबानी’ सांगेल, असा निर्देश त्या काळच्या पत्रांत वारंवार येतो. तेव्हा पत्रातील मौन हे मजकुराच्या अभावाचे लक्षण मानता येत नाही. जे कारकुनासमोर बोलावयाचे नाही, ते तोंडी निरोपात गेले. कागद राहिला, निरोप हवेत विरला. दप्तर वाचणाऱ्याने पेशवेकालीन स्त्रियांचे बोलणे तुटक व रूक्ष होते असे अनुमान काढणे म्हणजे पाकीट पाहून पत्राची परीक्षा करण्यासारखे आहे.

कागदावर जे राहिले आहे, त्याच्याही वाचनाला भाषाशास्त्राचे साहाय्य घेता येते. पत्राचा मायना नात्याने व पदाने बांधलेला असतो. वडीलधाऱ्यांस ‘तीर्थरूप’, धाकट्यांस ‘चिरंजीव’, सुवासिनीस ‘वज्रचुडेमंडित सौभाग्यवती’, विधवेस ‘गंगाभागीरथी’ अशी ही व्यवस्था होय. पुरुषांच्या दरबारी पत्रव्यवहारात ‘स्नेहांकित’ हा शब्द स्नेहाच्या नावाने वावरतो, मग प्रत्यक्षात तो पदाचाच निदर्शक का असेना. स्त्रीपत्रांतील रूढ मायन्यांना आधार आहे तो वयाचा, नात्याचा आणि सौभाग्याचा. पती आहे की नाही, हे पहिल्याच ओळीत सांगितल्याशिवाय स्त्रीला संबोधताच येऊ नये, अशी ही योजना आहे. अशा चौकटीत दोन स्त्रियांची मैत्री आली, तर तिला बहीण, वहिनी वा मावशी यांपैकी एखादे नाते पांघरूनच यावे लागते.

मैत्रीला मायन्यात जागा नसली, तरी विनंतीच्या व्याकरणात ती सापडू शकते. या काळच्या पत्रांत काम सांगण्याच्या पायऱ्या क्रियापदाच्या रूपावरून कळतात. धाकट्यास किंवा हाताखालच्यास ‘पाठविणे’, ‘लिहीत जाणे’. बरोबरीच्यास ‘पाठवावे’, ‘लिहीत जावे’. वडिलांस ‘पाठविले पाहिजे’, ‘लिहीत गेले पाहिजे’. ही विभागणी सर्वत्र काटेकोर नसली, तरी तिचा कल स्पष्ट आहे. जो मायना एका पायरीचा आणि ज्यातील विनंती दुसऱ्या पायरीची, अशा पत्राकडे अभ्यासकाने थांबून पाहिले पाहिजे. मायन्यात वडीलकीचा मान राखून मजकुरात बरोबरीच्या रूपाने एखादा जिन्नस मागितला गेला असेल, तर तेथे रूढ नात्याच्या आत दुसरा एखादा जिव्हाळा वावरत असण्याचा संभव आहे. उलट, धाकटीस लिहितानाही ‘पाहिजे’चे रूप आले, तर अधिकार वयाकडून पदाकडे गेल्याची ती खूण असू शकते. राजकारणाच्या शोधात वाचणाऱ्याला हा भेद दिसणार नाही. जिन्नस क्षुल्लक मानणाऱ्याला तर नाहीच नाही.

ब्रॉनिस्लॉ मॅलिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये एक सिद्धांत मांडला. माणसे पुष्कळदा माहिती देण्यासाठी नव्हे, तर परस्परांतील संबंध जिवंत ठेवण्यासाठी बोलतात, असा त्याचा आशय. क्षेमकुशलाचा व जिनसांचा मजकूर या कोटीत घालण्याचा मोह होतो, परंतु तो पुरता खरा नाही. मागितलेला खण वा पाठविलेला काढा यांत संबंध राखणे आणि गरज भागविणे ही दोन्ही कार्ये एकाच वाक्यात घडतात. लहान वयात सासरी आलेली, माहेरापासून दूर असलेली स्त्री जेव्हा काही मागते, तेव्हा आपल्या मागण्याला अजून कोठे किंमत आहे याची ती चाचपणी करीत असते. जिन्नस वेळेवर आला, की त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. म्हणूनच अशा मजकुरात शब्दांपेक्षा पोच महत्त्वाची ठरते.

या सर्व विवेचनाला एक मर्यादा आहे आणि ती झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्यांच्या दारी कारकून होता, अशा मूठभर घराण्यांतील स्त्रियांपुरतेच हे साधन बोलते. त्याच वाड्यांत कुणबिणी राबत होत्या. त्यांची खरेदी-विक्री होई, त्या देणगी म्हणूनही दिल्या जात. याच्या नोंदी पेशवाईच्या कागदांत आहेत. घरकामाचा सगळा भार वाहणारी स्त्री कागदावर येते ती बहुधा अशा नोंदीतला एक जिन्नस म्हणून. स्त्रीपत्रांतील जिव्हाळ्याचा गौरव करताना, त्या जिव्हाळ्याच्या घरात कोणती स्त्री बोलणारी होती आणि कोणती मोजली जाणारी, हा भेद विसरता कामा नये.

अक्षराविना राहिलेल्या स्त्रियांच्या परस्परसंवादाचे दुसरे साधन म्हणजे जात्यावरची ओवी. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्या संकलित केल्या. पुण्यात हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. माहेरची खुशाली, भावाची वाट, लेकीची पाठवणी, शेजारणीशी केलेले हितगुज हा त्यांतील नित्याचा विषय. या ओव्या पेशवाईच्या काळातल्या आहेत असे म्हणता येत नाही. मौखिक रचना प्रत्येक गळ्यात नवी होते. म्हणून त्यांचा उपयोग त्या काळचा पुरावा म्हणून करू नये. परंतु निरोपाची रचना कशी असते, संबोधन व मागणे यांचा सांधा कसा जुळतो, हे समजण्यासाठी त्यांची तुलना फलदायी ठरेल. पत्रात कारकून स्त्रीच्या बोलण्याला मायना देतो. ओवीत तसा मध्यस्थ नसतो. संबोधन, वृत्त व पुनरुक्ती यांची चौकट मात्र तेथेही असते. तेव्हा ओवी म्हणजे निर्भेळ स्वगत, असा भाबडा समजही त्याज्यच होय.

पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचा अफाट साठा आहे. सरदेसाई यांच्या खंडांत त्यातील अल्प अंशच आला. राजकीय महत्त्वाच्या कसोटीवर जे कागद बाजूस राहिले, त्यांतच जिनसांच्या याद्या, पोचपावत्या व क्षेमाची पत्रे अधिक असणे स्वाभाविक आहे. मोडी वाचणारा विद्यार्थिवर्ग वाढल्याशिवाय त्यांचे वाचन होणार नाही. परंतु केवळ लिपी येऊन भागणार नाही. मायना व मजकूर यांतील विसंगती टिपणे, विनंतीच्या क्रियारूपांची पत्रवार नोंद करणे, ‘मुखजबानी’सारख्या निर्देशांवरून कागदाबाहेर गेलेल्या मजकुराची जागा निश्चित करणे आणि कारकुनाचा हात ओळखणे, या चार गोष्टी प्रत्येक पत्रात तपासावयास हव्यात. ‘यात विशेष काही नाही’ असा शेरा मारून जो कागद पुन्हा रुमालात बांधला जातो, त्यात एखाद्या स्त्रीने दुसरीवर टाकलेला विश्वास असू शकतो. तो वाचता येतो की नाही, हे पुढील अभ्यासकाच्या दृष्टीवर अवलंबून राहील.